गावातून इंजिनिअरिंगला: प्रोग्रामिंगसाठी लॅपटॉप घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर, आयटी, एआय आणि डेटा सायन्स या शाखांना विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आता पुष्कळ पोरं-पोरी जातात. कुणी अमरावतीला, कुणी यवतमाळ, पुसद, शेगाव, चंद्रपूरला, कुणी नागपूरला. लॅपटॉपबद्दल इंटरनेटवर मिळणारा बराचसा सल्ला मात्र मोठ्या शहरात राहणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो. तिथं लाईन जात नाही, वायफाय चोवीस तास असतं आणि सर्व्हिस सेंटर दोन चौक पलीकडे असतं. आपल्याकडे हिशोब वेगळा पडतो. खालची उत्तरं चार वर्षं टिकेल, लाईन नसताना चालेल आणि बिघडला तर जवळपास दुरुस्त होईल अशा लॅपटॉपसाठी आहेत. प्रश्न पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी विचारले, तसेच ठेवले आहेत.

आमच्या पोट्ट्याचा नंबर आत्ताच लागला. कॉलेज सुरू व्हायच्या आंधी लॅपटॉप घ्याच लागते का?

नाही. बहुतेकांनी थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या वर्षी मुख्यतः गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग आणि सी किंवा पायथनची ओळख असते. एवढ्या प्रोग्रामिंगला कॉलेजची लॅब पुरते. प्रवेशाच्या कॅप फेऱ्या पावसाळ्यात चालतात. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरचा पैसा बियाणं, खत आणि फवारणीत अडकलेला असतो, वरून कॉलेजची फी, खोलीचं भाडं, मेसचं डिपॉझिट. त्यात लॅपटॉप घ्यायचा म्हणजे उसनवारी आलीच. सोयाबीन ऑक्टोबरात घरी येतं, कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या मागेपुढे होते, आणि दुकानांचे व ऑनलाइनचे मोठे सेलही त्याच सुमारास लागतात. तोवर कॉलेज आणि शाखा पक्की झालेली असते. आपल्या विभागात कोणतं सॉफ्टवेअर लागतं, हे सिनिअर पोरांकडून कळलेलं असतं. दोन-तीन महिने थांबल्यानं अभ्यासाचं नुकसान होत नाही, चुकीचा लॅपटॉप मात्र चार वर्षं वागवावा लागतो.

अपवाद डिप्लोमावाल्यांचा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांपुढे पहिल्याच सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स आणि जावा किंवा सी++ उभं राहतं. त्यांना लवकर लागतो. ज्यांची लॅब चार वाजता बंद होते आणि होस्टेलवर दुसरी सोय नाही, त्यांनाही.

"जड काम" म्हणजे नेमकं काय? प्रोग्रामिंग तर नुसतं टायपिंगच दिसतं.

सुरुवातीला तसंच असतं. सी, पायथन, वेबपेज, एसक्यूएल हे सगळं व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या लॅपटॉपवरही चालतं. भार पुढं वाढतो. तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ येतो, त्याच्यासोबत एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा एक अख्खा फोन. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला व्हर्च्युअलबॉक्स लागतो, त्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. प्रोजेक्टला डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन), डेटाबेस, सर्व्हर आणि ब्राउझर एकाच वेळी उघडे राहतात. ब्राउझरमध्ये वीस टॅब असतात, कारण एरर शोधणं हेच निम्मं काम आहे. मशीन लर्निंगला डेटाच्या मोठ्या फाइली मेमरीत ओढाव्या लागतात.

म्हणजे लॅपटॉप तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या कामाकडे पाहून घ्यायचा. पहिल्या वर्षी सगळेच लॅपटॉप चांगले वाटतात.

८ जीबी रॅम घेऊ की १६? नंतर वाढवता येते म्हणतात.

१६. पैसा कमी असेल तर बाकी सगळीकडे तडजोड करा, इथं करू नका.

हिशोब साधा आहे. रॅम म्हणजे चालू काम मांडायची जागा. विंडोज ११ आणि त्याच्यासोबत आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी मिळून ३ ते ४ जीबी खातात. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनचं काम करणारी चिप याच रॅममधून आपला वाटा घेते. ८ पैकी तुमच्या हाती ४ सुद्धा उरत नाही, आणि अँड्रॉइड स्टुडिओ एमुलेटरसह चालवायला गूगलनं स्वतःच किमान १६ जीबी सांगितली आहे. रॅम संपली की मशीन एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कवर, तात्पुरती जागा वापरतं. मग बटण दाबल्यावर अक्षर उशिरा उमटतं, बिल्ड (कोडमधून चालतं अॅप बनवणं) दहा-दहा मिनिटं चालतं, आणि पोराला वाटतं की आपल्यालाच प्रोग्रामिंग जमत नाही. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. अडचण डोक्यात नसते, रॅममध्ये असते.

"नंतर वाढवू" हे दुकानदाराचं आवडतं वाक्य. ते प्रत्येक लॅपटॉपला लागू होत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच झाळलेली असते, ती कधीच बदलत नाही. काहींत ८ जीबी झाळलेली आणि एक स्लॉट रिकामा असतो, काहींत दोन स्लॉट असतात आणि दोन्हींतली रॅम बदलता येते. दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर मेमरीच्या ओळीत काय लिहिलं आहे ते वाचा. एलपीडीडीआर असं दिसलं तर ती जवळजवळ नेहमी झाळलेलीच असते. स्लॉट असेल तर किती, आणि जास्तीत जास्त किती जीबी चालते, हेही तिथं लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट भावाची. २०२५ च्या शेवटी जगभर रॅमच्या किमती एकदम चढल्या, कारण एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा मोठा वाटा उचलायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी स्वस्तात रॅम टाकू, हा जुना हिशोब त्यामुळे भरवशाचा राहिला नाही. १६ जीबी आजच असलेला घ्या. पुढं ३२ करायला एक स्लॉट मोकळा मिळाला तर फारच चांगलं.

आय५ म्हणजे चांगला, आय३ म्हणजे हलका, एवढं पाहिलं की झालं ना?

नाही होत. डब्यावरचं मोठं अक्षर पाहून फसणारे सगळ्यात जास्त याच ठिकाणी फसतात. आय५ हे प्रोसेसरच्या घराण्याचं नाव आहे, पिढी आणि जात त्यापुढच्या आकड्यात असते.

इंटेलमध्ये आय५ १२३५यू म्हणजे बारावी पिढी, आणि शेवटचं यू म्हणजे कमी वीज खाणारा. आय५ १२४५०एच मधला एच जास्त ताकदीचा, पण तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. सहाव्या-सातव्या पिढीच्या जुन्या आय७ पेक्षा बाराव्या पिढीचा आय३ १२१५यू पुष्कळ कामांत पुढं असतो. २०२३ च्या शेवटापासून इंटेलनं नवी नावं आणली. आता कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं दिसतील, त्यातला "आय" गेला आहे.

एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचा घोळ अधिक बारीक आहे. रायझनच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा पाहायचा, आतली रचना किती नवी आहे ते तोच सांगतो. रायझन ५ ७५२०यू यात तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ ही २०१९ मधली रचना, चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग). रायझन ५ ७५३०यू यात तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, सहा कोअर. नावात एका आकड्याचा फरक, दुकानात दोन्ही "रायझन ५ सेव्हन थाउजंड", आणि कामात मोठी तफावत. ७५२०यू सोबतची रॅम झाळलेलीच असते, त्यामुळे तो ८ जीबीवाला घेतला तर चार वर्षं ८ वरच राहाल.

कॉलेजच्या कामासाठी इंटेलची बारावी पिढी किंवा त्यापुढचा आय५, अथवा सहा कोअरचा झेन ३ किंवा नवा रायझन ५ पुरतो. आय७ साठी जादा दहा-पंधरा हजार घालू नका. ते पैसे रॅमला आणि वॉरंटीला लावा.

एसएसडी किती?

५१२ जीबी, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची. २५६ जीबी विंडोज, अँड्रॉइडचे एसडीके (अॅप बनवायची साधनं) आणि एक-दोन व्हर्च्युअल मशीनमध्येच भरते. जुनी फिरणारी हार्ड डिस्क किंवा ईएमएमसी ही संथ साठवण असलेला लॅपटॉप स्वस्त दिसला तरी घेऊ नका.

गेमिंगवाला घ्या, त्याच्यावर समदं चालते, असं दुकानवाला म्हणते. खरं हाये का?

चालतं हे खरं. तुम्हाला लागतं का, हा प्रश्न वेगळा.

वेगळं ग्राफिक कार्ड लागतं ते गेम बनवायला, थ्रीडी कामाला आणि डीप लर्निंगचं मॉडेल स्वतःच्या मशीनवर शिकवायला. त्यातही मशीन लर्निंगची बहुतेक साधनं एनव्हीडियाच्या कूडा या सॉफ्टवेअरवर बेतलेली असल्यानं कार्ड एनव्हीडियाचंच पाहावं लागतं. पण स्वस्त गेमिंग लॅपटॉपमधल्या ४ जीबीच्या कार्डात आजची मोठी मॉडेल्स मावत नाहीत. पदवीच्या प्रोजेक्टसाठी गूगल कोलॅब आणि कॅगल या वेबसाइट पुरतात. दोन्हीकडे फुकट जीपीयू (ग्राफिक कार्डाची चिप) नेटवरून वापरायला मिळतो, कॅगलवर आठवड्याला सुमारे ३० तास. कॉलेजच्या वायफायवर बसून मॉडेल शिकायला लावायचं आणि निकाल उतरवून घ्यायचा, असं कितीतरी मुलं करतात.

गेमिंग लॅपटॉपचा खरा त्रास गावात आल्यावर कळतो. वजन सव्वादोन-अडीच किलो, वरून विटेएवढं अ‍ॅडॉप्टर. बॅटरी कोडिंगलाही तीन-चार तासांच्या पुढं क्वचितच जाते. अ‍ॅडॉप्टर दीडशे-दोनशे वॉटचं असल्यानं छोटा इन्व्हर्टर आणि पॉवर बँक त्याला पुरत नाही. उन्हाळ्यात पंखे घोंघावत राहतात. एआय शाखेतल्या आणि त्याच कामाची खरी ओढ असलेल्या विद्यार्थ्यानं ६ जीबी किंवा जास्तीचं कार्ड असलेला लॅपटॉप जरूर विचारात घ्यावा, पण १६ जीबी रॅमला कात्री लावून नाही.

आमच्याकडे लाईन कधीही जाते आणि व्होल्टेज फार कमी-जास्त होतं. लॅपटॉप जळेल का?

कमी व्होल्टेजनं सहसा जळत नाही. अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवर "इनपुट" लिहिलेलं वाचा. जवळपास सगळ्यांवर १०० ते २४० व्होल्ट असं असतं. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी देताना सगळे पंप एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो, तेव्हाही लॅपटॉप चार्ज होत राहतो.

धोका उलट बाजूनं आहे. डीपीवर बिघाड झाला, न्यूट्रल तुटला की घरात २४० च्या कितीतरी वर व्होल्टेज येऊ शकतं. लाईन गेल्यावर परत येताना झटका बसतो. आणि वीज पडणं. मान्सूनच्या आधीच्या वादळांत आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. सर्ज प्रोटेक्टर असलेला चांगल्या कंपनीचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या, पण घराची अर्थिंग नसेल तर तोही पूर्ण काम करत नाही. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही किंवा खराब आहे असं समजा आणि वायरमनला दाखवा. लॅपटॉपच्या किमतीच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांत घुसवणं मात्र कृपा करून बंद करा.

लाईन नसताना चालण्यासाठी बॅटरी ५० वॉट-अवर किंवा जास्तीची पाहा. कोडिंगला ती खरी पाच-सहा तास जाते, जाहिरातीत दहा-बारा लिहिलेलं असलं तरी. आणि टाइप-सी मधून चार्ज होणारा लॅपटॉप घ्या. माझ्या मते गावातल्या विद्यार्थ्यासाठी रॅमनंतरची सगळ्यात मोलाची सोय हीच आहे. ६५ वॉटचा टाइप-सीचा साधा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर त्याला चालतो, अ‍ॅडॉप्टर बिघडलं तर कंपनीच्या महागड्या अ‍ॅडॉप्टरची वाट पाहावी लागत नाही, आणि ६५ वॉट देणाऱ्या पॉवर बँकेवरही तो चार्ज होतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे कागदावर ७४ वॉट-अवर. मधली गळती धरली तर एक पूर्ण चार्ज मिळतो. बारा-बारा तास लाईन नसलेल्या दिवशी, आणि परीक्षा उद्यावर असताना, त्याची किंमत कळते.

घरी इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा बरा.

उन्हाळ्यात लॅपटॉप फार तापतो. काही बिघाड आहे का?

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूरकडे पारा ४५ च्या पुढं जातो आणि बहुतेक कंपन्या आपला लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. टिनाच्या छताखाली दुपारी दोन वाजता तो तापणारच. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणून मशीन संथ वाटतं. जड बिल्ड, मोठे डाउनलोड पहाटे किंवा रात्री लावा. गादीवर, पोत्यावर ठेवून वापरू नका, खालची जाळी बंद होते. कूलरच्या अगदी समोरही ठेवू नका, त्यातून पाण्याचे बारीक तुषार येतात. कूलरपासून बाजूला, लाकडी पाटावर ठेवणं उत्तम.

घरात कापूस भरून ठेवला असेल तर तो लॅपटॉप वापरायच्या खोलीत नको. त्याचे तंतू पंख्यात जाऊन गोळा बनतात आणि हवा अडते. वणी-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाची धूळ तेच करते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, जाणकाराकडून आतला पंखा साफ करून घ्या.

उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते. सतत १०० टक्के भरून ठेवल्यानंही होते. पुष्कळ लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. लाईन नियमित असलेल्या होस्टेलवर ती चालू ठेवा, गावी आलात की बंद करा.

मी रोज एसटीनं अपडाऊन करते. कोणता आकार घेऊ?

१४ इंची, दीड किलोच्या आसपास. १५.६ इंची स्क्रीन बसायला आरामाची, पण भरलेल्या एसटीत दांडी धरून उभं राहायचं तर खांद्यावरचा प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतो. स्क्रीन आयपीएस (बाजूनं पाहिलं तरी स्पष्ट दिसणारी) हवी आणि उजेड ३०० निट्स असेल तर खिडकीशी, ओट्यावर बसून वाचता येतं. बॅग पाण्याला दाद न देणारी घ्या, आषाढ-श्रावणात तिचा उपयोग होईल. दुकानात कीबोर्डवर पाच मिनिटं खरंच टाइप करून पाहा. स्क्वेअर ब्रॅकेट, कर्ली ब्रॅकेट, सेमिकोलन कुठं आहेत आणि बोट तिथं सहज जातं का, हे पाहा.

मॅकबुक घेऊ का?

कोडिंगला उत्तम आहे, बॅटरी फार चालते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून मॅकबुक एअरच्या सगळ्यात स्वस्त मॉडेललाही १६ जीबी मेमरी मिळते. पण प्रोटियस, केल, विवाडो, सॉलिडवर्क्स यांसारखी सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी टाळावं. रॅम, एसएसडी काहीच वाढवता येत नाही, आणि दुरुस्तीला नागपूर गाठावं लागेल ही तयारी हवी. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉपही बॅटरीला छान आहेत, पण कॉलेजचं एखादं जुनं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर अडू शकतो, म्हणून विद्यार्थ्याला सध्या इंटेल किंवा एएमडीच सांगेन.

विंडोज की लिनक्स?

दोन्ही. विंडोज ठेवा, कारण परीक्षेची आणि कॉलेजची सॉफ्टवेअर त्यावर असतात, आणि विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय टाकून उबुंटू हे लिनक्स शिका. डब्ल्यूएसएल मशीनची निम्म्यापर्यंत रॅम वापरू शकतं, हे आणखी एक कारण १६ जीबीसाठी. जुन्या मशीनवर नुसतं उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं तर ते विंडोजपेक्षा हलकं चालतं.

विंडोज नसलेला, "डॉस"वाला लॅपटॉप घेऊन दुकानदाराकडून फुकट विंडोज टाकून घेऊ नका. ते चोरीचं असतं आणि त्यातून व्हायरस येतो. सॉफ्टवेअर विकत घ्यायची तर गरजच नाही: व्हीएस कोड, जीसीसी, पायथन, मायएसक्यूएल फुकट आहेत, गिटहबचं स्टुडंट पॅक आणि जेटब्रेन्सची साधनं कॉलेजच्या ओळखीवर मिळतात.

गावात नेट नीट चालत नाही. दिवसाला दीड-दोन जीबी मोबाइल डेटा. एवढ्यात कसं करायचं?

जमतं. पण त्यासाठी आठवड्याची आखणी लागते.

पहिलं काम, मोबाइलचं हॉटस्पॉट विंडोजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" करून ठेवा. नाहीतर विंडोजचा अपडेट एका रात्रीत सगळा डेटा खाऊन टाकतो. अँड्रॉइड स्टुडिओ, एसडीके, एमुलेटरच्या फाइली मिळून कित्येक जीबी होतात. ते सगळं आणि विंडोजचे अपडेट कॉलेजच्या वायफायवर किंवा ग्रंथालयात उतरवा. पायथनची पॅकेजं (तयार कोडचे संच) ती उतरवणाऱ्या पिप या साधनाच्या डाउनलोड आज्ञेनं एका फोल्डरमध्ये साठवून घरी नेटशिवाय टाकता येतात. मित्राच्या पेनड्राइव्हवरूनही चालतात. पायथनची पूर्ण माहितीपुस्तिका उतरवता येते. झील नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जावा, सी++, जावास्क्रिप्ट अशा कितीतरी भाषांची माहिती नेटशिवाय वाचता येते. कोडमधले बदल नोंदवणारं गिट तर बनलंच आहे असं की कमिट (बदलाची नोंद) नेटशिवाय होतात, फक्त पुश करायला (सर्व्हरवर पाठवायला) नेट लागतं.

नेट नसलेल्या संध्याकाळी माहितीपुस्तिका वाचून कोड लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा पाया पक्का होतो.

सेकंड हँड घ्यावा का?

हो, जपून. मोठ्या कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड टी, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांचे लॅपटॉप मजबूत असतात. कीबोर्ड चांगला, सुटे भाग मिळतात, आणि बहुतेकांत रॅम वाढवता येते. पंचवीस-तीस हजारांत १६ जीबीचा असा लॅपटॉप मिळत असेल, तर त्याच पैशातल्या ८ जीबीच्या नव्यापेक्षा मी तोच निवडेन.

काही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रोसेसर किमान इंटेलच्या आठव्या पिढीचा हवा, कारण त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शक्य तर दहावी पिढी किंवा पुढची घ्या. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा: मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही त्यात दिसतात. साठ टक्क्यांच्या खाली गेली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून मागा. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीची तब्येत दिसते. बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नको, आणि विंडोज नव्यानं टाकल्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन मागायला नको. दोन्ही वेळा ते मशीन उद्या तुमच्या हातात कुलूपबंद होऊ शकतं. बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

मोबाइलवरच होत नाही का? पोरीले लॅपटॉप कायले पायजे? सीईटीच्या वेळचा टॅबही आहे.

हा प्रश्न मुलांच्या बाबतीत क्वचित येतो, म्हणून स्पष्ट सांगतो. मोबाइलवर पन्नास ओळींचा प्रोग्राम चालवता येतो, चार वर्षांचं इंजिनिअरिंग होत नाही. महाज्योती या सरकारी संस्थेकडून मिळालेला किंवा कुठलाही टॅब व्हिडिओ बघायला, पीडीएफ वाचायला चांगला आहे, तो वापरत राहा. पण अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन, डॉकर त्यावर चालत नाहीत. प्लेसमेंटच्या कोडिंग परीक्षा आणि पुष्कळ ऑनलाइन मुलाखती लॅपटॉपवरूनच द्याव्या लागतात. मुलीला तर लॅपटॉपची गरज अधिकच पडते. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून तिला लॅबमध्ये उशिरापर्यंत थांबू दिलं जात नाही, मग सराव घरीच होणार. भावाला आणि तिला मिळून एकच लॅपटॉप असेल तर तिच्या वेळा ठरवून द्या आणि त्या पाळा.

पैशाची सोय कशी करायची?

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर अर्ज करतानाच लॅपटॉपचं कोटेशन जोडा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या कॉम्प्युटरचा खर्च धरलेला आहे, पण पुष्कळ पालक फक्त फीचा आकडा लिहितात आणि लॅपटॉपसाठी नंतर जास्त व्याजाचं कर्ज काढतात. दुकानातल्या "झिरो टक्के" हप्त्यात प्रोसेसिंग फी आणि गमावलेली रोखीची सूट मिळून किती होतं, ते कागदावर मांडून पाहा. जीएसटी १८ टक्के किमतीत आलेलाच असतो. "बिल नको, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, बिलाशिवाय वॉरंटी भांडूनही मिळत नाही.

ऑनलाइन घेऊ की नागपूर-अमरावतीच्या दुकानातून?

दोन्ही भाव पाहा, पण निर्णय सर्व्हिसवर करा. ऑनसाइट वॉरंटी म्हणजे माणूस घरी येतो. कॅरी-इन म्हणजे तुम्ही सेंटरला नेऊन द्यायचा, आणि भामरागड किंवा धारणीहून ते एका दिवसाचं काम नाही. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा फोनवर आपल्या गावाचा पिनकोड सांगून ऑनसाइट खरंच मिळते का, ते घेण्याआधी विचारा. गावाचा पिनकोड बसत नसेल आणि होस्टेलचा बसत असेल, तर पत्ता होस्टेलचा द्या. पहिल्या वर्षातच वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून घेणं आणि पडझडीचं संरक्षण जोडणं, एसटीनं फिरणाऱ्यासाठी योग्य खर्च आहे.

घेतल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, ऑनलाइन घेतला असेल तर नक्कीच. बिलावरचा, खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा सीरियल नंबर जुळतो का पाहा. टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव तपासा. सांगितलेलं १६ आणि निघालेलं ८ असं होतं. स्क्रीन पूर्ण पांढरी, पूर्ण काळी करून ठिपके शोधा. कीबोर्डचं प्रत्येक बटण, सगळे यूएसबी, कॅमेरा, माइक, वायफाय एकदा चालवून पाहा. टाइप-सी चार्जर लावून चार्ज होतो का, तेही. बदलून मिळायची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून हे सगळं त्याच दिवशी, दुकान जवळ असताना करा. मग सोयाबीनच्या चुकाऱ्याच्या पावतीसारखं लॅपटॉपचं बिल फाइलमध्ये लावा आणि त्याचा एक फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. बिलाचा छापील कागद पुसट होऊ शकतो आणि वॉरंटीला बिल मागतातच.